नाव घेऊन केलेली प्रार्थना

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज माझ्या घरी बायकांच्या प्रार्थनेला सातजणी आल्या. पार्वताबाई नेहमीप्रमाणे सर्वांत आधी आल्या आणि सर्वांत आधी पेंगल्या. मी त्यांना कोपराने ढोसून जागं केलं, तर म्हणतात कशा, "मी कोरियातच होती सिस्टर." जानेवारीत आम्ही चिठ्ठ्या टाकतो. प्रभूवर विश्वास ठेवला म्हणून जिथे लोकांना तुरुंगात डांबतात अशा देशांच्या. जिला जो देश निघेल तो वर्षभर तिचा. भात टाकताना रोज एक मूठ तांदूळ त्या देशाच्या नावाने बाजूला ठेवायचा आणि शुक्रवारी माझ्याकडे आणायचा. महिन्याअखेर त्याची खिचडी करून दवाखान्यात रोग्यांच्या नातेवाइकांना वाटतो. पार्वताबाईंना उत्तर कोरिया निघालं. ते आमच्याच जिल्ह्यातल्या तुमसरच्या वर कुठेतरी असावं असा त्यांचा समज आहे आणि मी तो आता सोडून दिला आहे.

माझ्या वाट्याला आफ्रिकेतला एरिट्रिया. अशा लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या नागपूरच्या कार्यालयातून प्रार्थनापत्रिका येते, तिच्यात तिथल्या एका तुरुंगातल्या बहिणीविषयी आहे. पण नाव काय, तर 'बहीण स.' आणि खाली बारीक अक्षरात 'सुरक्षेसाठी नाव दिलेले नाही'. मला याचा राग येतो. तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, नाव नसलेला पेशंट कधी डॉक्टरांपुढे नेला नाही. आमचे पास्टर प्रविण म्हणतात, देवाला नाव ठाऊक असतं. ठाऊक असतं तर मग प्रार्थना तरी कशाला करायची, गप्प घरी बसा की! प्रार्थना नाव घेऊन आणि मोठ्याने करावी, हे माझं मत आहे आणि राहणार.

ललिताही आली, आसगावहून इथे पवनीला ऑटोने. तिला इराण आहे. ती कधी तोंड उघडून प्रार्थना करत नाही, नुसते ओठ हलवते. घरात नवऱ्याला पत्ता नाही. सासूच्या मधुमेहाच्या गोळ्या न्यायच्या निमित्ताने येते. सासूचाही हेका बघा, गोळ्या आठवड्याच्याच आण म्हणते, जास्त आणल्या तर खराब होतील. गोळ्या म्हणजे काय वांगी आहेत? पण मी काही बोलत नाही. म्हातारीच्या त्या हेक्यामुळेच तर ललिताला येता येतं.

वीरेंद्रचा फोन प्रार्थनेच्या मध्येच आला. कट केला. या पोराला आईची वेळ कधी कळणार?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आसगावला जाऊन आनंदाबाईंच्या, म्हणजे ललिताच्या सासूच्या पायाचं ड्रेसिंग केलं. जखम भरते आहे. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम भरू लागली की मला अजूनही पोरीसारखा आनंद होतो.

म्हातारीला मात्र वार समजेनासे झालेत. पट्टी बांधून होईपर्यंत दोनदा विचारलं, "सिस्टर, शुक्रवार कवा आहे व?" आणि मध्येच आत बघून ओरडली, "ललिता, तांदूळ काढलीस का नाई? इसरशील." स्वयंपाकाला अजून दोन तास होते. सुनेला घटकाभर बसू देत नाही. ललिताने माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. बिचारी.

मधुकरराव, ललिताचे यजमान, धान कापणीवरून आले. बुटके, हडकुळे, डोक्यात भुसा. मला बघून हात जोडले आणि म्हणाले, "सिस्टरले चहा ठेव, साखर थोडी जास्त टाक." दिसायला गरीब गाय. पण बायको ख्रिस्ताच्या मागे लागली हे कळलं तर हा माणूस काय करील, कुणी सांगावं? पत्रिकेतल्या छळ करणाऱ्या लोकांचे चेहरेही दुरून साधेच दिसत असतील. मला चहा गोड लागला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

छळ सोसणाऱ्या मंडळीसाठी, म्हणजे जगभरच्या ख्रिस्ती बांधवांसाठी, प्रार्थनेचा रविवार. भंडाऱ्याकडची मंडळीही आली होती, भाड्याचा हॉल भरला होता. एकेकाने उठून आपापल्या देशासाठी प्रार्थना करायची होती. माझी पाळी आली तेव्हा पत्रिका हातात होती, पण 'बहीण स.' म्हणायला जीभ वळेना. अक्षरासाठी कोण रडतं? आणि मग शब्द आपोआप आले. मी माईक धरला आणि म्हटलं, "प्रभु, एरिट्रिया लांब आहे, पण आसगाव लांब नाही. आमची बहीण ललिता, मधुकररावांची पत्नी, ही दोन वर्षं तुझं नाव चोरून घेते. तुझ्या भक्तीपायी सिंहांपुढे टाकलेल्या दानीएलासारखी ती सिंहांच्या गुहेत आहे. सिंहांची तोंडं बंद कर!"

हॉलमध्ये हुंदके ऐकू आले. भंडाऱ्याच्या बायकांनी नंतर माझे हात धरले. पास्टर प्रविणची बायको मोना सगळं मोबाईलवर घेत होती, ती तर रडून लाल झाली होती. इतकी मनापासूनची प्रार्थना माझ्या हातून वर्षभरात झाली नव्हती. आता झोपते. फार शांत वाटतंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पास्टर प्रविण सकाळीच येऊन बसले. मोनाने तो व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठे कुठे गेला आणि काल आसगावात पोचला. पास्टर एरवी मऊ माणूस, आज त्यांचा आवाज कापत होता.

"रिता सिस्टर, तुमी गावाचं नाव घेतलं, नवऱ्याचं नाव घेतलं. कायले?"

मी म्हटलं, "देवापुढे बोलले, गावापुढे नाही."

"माईकमधी बोलल्या तुमी."

एवढं म्हणून चहा न घेता गेले. माझ्या प्रार्थनेने लोक रडले हे त्यांना खुपलं असावं. त्यांच्या उपदेशाला कुणी रडल्याचं मला आठवत नाही. हे लिहिलं ते बरोबर नाही, पण लिहिलं. व्हिडिओ मोनाने टाकला, मी नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ललिता आली नाही. फोन बंद. म्हणजे झालंच सुरू. ज्यासाठी आम्ही दर शुक्रवारी दुसऱ्यांकरता गुडघे टेकतो ते आज आमच्या दाराशी आलं. इथे खोटं कशाला लिहू, भीती वाटली, पण त्या भीतीच्या आत कुठेतरी अभिमानही होता. एवढीशी आमची सात बायकांची मंडळी, आणि प्रभूने आम्हालाही या कसोटीला लायक समजलं! पार्वताबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पन सिस्टर, पोरगी जेवली असन का?" त्यांचं लक्ष कधीच मुद्द्यावर नसतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ड्रेसिंगची पेटी घेऊन आसगावला गेले. मधुकरराव दारातच उभे. आवाज चढवला नाही, शिवी नाही.

"सिस्टर, आता नका येऊ. बुढीले मी दवाखान्यात नेईन."

"ललिता कुठे आहे?"

"माहेरी. सिहोऱ्याले."

"तुम्ही पाठवली?"

ते माझ्या हातातल्या पेटीकडे बघू लागले. तेवढ्यात रस्त्याने दोन वाह्यात पोरं सायकलवरून गेली. एकाने तोंडाने जनावरासारखी मोठी डरकाळी फोडली आणि दुसरा खिदळला. मधुकररावांनी दार लावून घेतलं. आतून आनंदाबाईंचा आवाज आला, "कोन आहे? सिस्टर होय का?" त्यांना उत्तर कुणी दिलं नाही. मीही नाही.

घरातून काढलं तिला. आवाज न चढवता काढलं, पण काढलंच ना!

गुरुवार, २० नोव्हेंबर

नागपूरच्या कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. त्यांना व्हिडिओ कुणीतरी दाखवला होता. फार प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, अशा बहिणीसाठी बाहेरच्या देशांतही प्रार्थना करू, तिचा एखादा फोटो आणि थोडी हकीकत पाठवा. मी गेल्या नाताळचा फोटो पाठवला, त्यात ललिता मागे उभी आहे, अर्धा चेहरा पार्वताबाईंच्या डोक्याआड. हकीकत मीच सांगितली. कुठल्या तरी लांबच्या देशातली बाई आता आमच्या ललितासाठी गुडघे टेकील. विचार करूनच अंगावर काटा आला.

सोमवारी मी आणि पार्वताबाई सिहोऱ्याला जाणार. ललिताला माझ्याकडे घेऊन येते. मागची खोली रिकामीच आहे, वीरेंद्रची. तो काही येत नाही. खोली झाडून घेतली, नवी चादर घातली. किती दिवसांनी त्या खोलीत मी कुणासाठी चादर घातली!

सोमवार, २४ नोव्हेंबर

आत्ताच परतले, तोंडही न धुता लिहायला बसले.

पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून सिहोरा. पार्वताबाई तीनही बसमध्ये झोपल्या. ललिताच्या भावाच्या अंगणात धान चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं, यंत्राच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येईना. ललिता पदर नाकाला बांधून भुसा लोटत होती. मला बघितलं, पण धावत आली नाही. हात धुतले, मागच्या अंगणात खाट टाकली, पाणी दिलं.

"कायले आल्या सिस्टर?"

"तुला न्यायला. माझ्याकडे राहा. बघू कोण काय करतं."

"मले कोनी काढलं नाई. मीच आली."

मी विचारलं, मारलं का. तर म्हणते, "मारलं असतं तं बरं झालं असतं. तो बोललाच नाई. टपरीवर चहाले गेला तं लोक त्याले सिंह म्हनते. 'या सिंहसाहेब, आज गुहेत काय शिजवलं?' असं इचारते. लहान पोट्टे बी त्याच्या मांगं डरकाळ्या फोडते. घरी आला, खाटेवर बसला, आन् मले येवढंच इचारलं, 'मी तुले कवा खाल्लो व?' दोन दिवस जेवला नाई. मले नाई पाहवलं सिस्टर. म्हनून आली मी."

मी म्हटलं, "अगं, पण तू लपून येत होतीस हे तर खरं ना? मी खोटं काय बोलले?"

"लपून येत होती. पन त्याच्या भेवानं नाई."

"मग कशाने?"

"त्याले वाईट वाटन म्हनून. मी सांगनारच होती त्याले. बुढीनं म्हनलं होतं, धान घरात येऊ दे, त्याचं डोकं थंड राह्यते तवा, मंग मीच समजावून सांगतो."

"बुढीला ठाऊक होतं?"

"तिलेच तं पयले सांगतलं. दर शुक्रवारी मले कोन पाठवे मंग? तांदळाची मूठ इसरली तं कोन आठवन दे? बुढी म्हने, सिस्टरनं माया पायाले हात लावला, तिच्या देवाले मूठभर तांदूळ गेला तं काय होते?"

गोळ्या, म्हातारीचे वार, तो तांदूळ. सगळं माझ्या डोळ्यांपुढे झालं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण आला राग. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस कधी?"

ललिता म्हणाली, "तुमी प्रार्थनेत सांगतलं असतं."

पार्वताबाई हसल्या. अशा वेळी ती बाई जागी असते!

शेवटी ललिताने मला स्पष्टच सांगितलं. "माया पायी त्याची इज्जत गेली. आता मी कोनत्या तोंडानं त्या घरात जाऊ? तुमी ज्या तोंडानं बोलल्या त्याच तोंडानं आसगावात येऊन सांगा, का तो सिंह नाई म्हनून. नाई तं मी इथंच राह्यतो, भावाचा भुसा झाडत. तुमच्या घरी मी येनार नाई."

परतताना पार्वताबाईंनी बसमध्ये माझ्यासमोर संत्र्याची फोड धरली, मी घेतली नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मी का म्हणून माफी मागू? मी काय चोरी केली? प्रार्थनाच केली ना? उद्या कुणी म्हणेल प्रार्थना करणं हाच गुन्हा. आणि नागपूरच्या पत्रिकेत ललिताची हकीकत छापायला गेली. आता मी चहाच्या टपरीवर उभी राहून म्हणू की छळ वगैरे काही नव्हता, माझीच चूक? लोक काय म्हणतील, मंडळी काय म्हणेल?

मागच्या खोलीतली चादर काढून ठेवली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आनंदाबाईंनी शेजारच्या माणसाच्या फोनवरून निरोप दिला, सिस्टरले म्हना पेटी घेऊन ये. गेले. मधुकरराव घरात नव्हते, मुद्दामच बाहेर गेले असावेत.

पट्टी सोडली आणि वासानेच कळलं. दोन बोटं काळी पडली आहेत. दवाखान्यात नेलं होतं, दोनदा नेलं. पुढे म्हातारीच जाईना. "सून नाई घरात, मले गाडीवरून उतरवन कोन? पोराचं अंग धरून चालाले लाज वाटते व." मी जखम धुतली, हात नर्सचे होते म्हणून चालले, नाहीतर चालले नसते. माझं येणं बंद झालं नसतं तर ही बोटं वाचली असती. हे मला कुणी सांगायची गरज नाही, मी तीस वर्षं हेच काम केलं.

मी म्हटलं, "आनंदाबाई, हे माझ्यामुळे झालं."

म्हातारीने पाय खाटेवर सरळ केला. मग म्हणाली, "तू तुया देवाले आमची गोठ सांगतलीस, सांग. देवाले सांगाले कोन नाई म्हनते? पन सांगाच्या आंधी घरी येऊन इचारलं असतंस, तं मी सांगतलं असतं का माया पोरगा कसा आहे."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला फार जड वाटला.

सोमवारी सकाळी भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवून आले. पास्टर प्रविण गाडी देतो म्हणाले. मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १ डिसेंबर

आसगावला जाऊन म्हातारीला पास्टरांबरोबर गाडीत बसवून दिलं. मधुकरराव मोटारसायकलने मागून निघाले होते, त्याआधी टपरीवर चहा घ्यायला थांबलेले दिसले. मनात म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

टपरीवर दहा-बाराजण असतील. मी गेल्यावर सगळे माझ्याकडे वळले. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "चला, डोळे मिटा." एकजण खरोखरच मिटू लागला. मी जीभ चावली आणि म्हटलं, "डोळे नका मिटू, उघडे ठेवा आणि ऐका. मी माईकवर मधुकररावांविषयी जे बोलले ते चुकीचं बोलले. त्यांनी बायकोला कधी अडवलं नाही, कधी त्रास दिला नाही. ती माझ्याकडे प्रार्थनेला येते हे त्यांना ठाऊकच नव्हतं."

मला वाटलं, संपलं. पण बाकावरचा एकजण हसत म्हणाला, "म्हंजे बायको नवऱ्याच्या चोरून जात होती म्हना की!" आणि सगळे हसले. मी जिथे पाणी ओतायला गेले तिथे तेल ओतलं होतं.

मधुकररावांनी ग्लास खाली ठेवला आणि उठले. म्हणाले, "ठाऊक होतं मले."

कुणी हसलं नाही.

"समदं ठाऊक होतं. शुक्रवारी पवनीले मीच सोडून देत होतो तिले. माया घरची बाई देवाचं नाव घ्याले जाते, त्यात चोरी काय आहे? कोनाले काई इचाराचं असन तं मले इचारा."

त्यांनी चहाचे पैसे दिले, माझ्याकडे न बघता गाडीला किक मारली आणि भंडाऱ्याच्या रस्त्याला लागले.

ते खोटं बोलले. त्यांनी तिला एकदाही सोडलेलं नाही, ती ऑटोने यायची, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दहा माणसांत सरळ उभं राहून, डोळ्यांची पापणी न लववता खोटं बोलले. आणि मी जे जे खरं म्हणून बोलले त्याने तिचं घर मोडायला आलं होतं. मला हे नीट उलगडत नाही. मी खोट्याची बाजू कधी घेतली नाही. पण आज त्या माणसाच्या खोटेपणापुढे मला माझ्या साक्षीची लाज वाटली.

गुरुवार, ४ डिसेंबर

आनंदाबाईंची दोन बोटं काढली. पाय वाचला. मधुकरराव परवा सिहोऱ्याला जाऊन ललिताला घेऊन आले, तीच आता दवाखान्यात सासूजवळ आहे. पास्टर सांगत होते, नवरा-बायको एकमेकांशी अजून कामापुरतंच बोलतात.

नागपूरला फोन केला, म्हटलं ललिताची हकीकत काढून टाका. बाई म्हणाल्या, पत्रिका छापून गेली. आता ललिता कशी आहे? मी म्हटलं, घरी आहे, नवरा घेऊन आला. बाई आनंदाने ओरडल्याच, "म्हणजे प्रार्थनेचं उत्तर मिळालं! सिंहाचं तोंड बंद झालं!" मी समजावू लागले, पण त्या दुसऱ्या कुणाला तरी ही बातमी सांगू लागल्या होत्या. मी फोन ठेवला.

पत्रिका उघडून 'बहीण स.' पुन्हा वाचली. तुरुंग खरा आहे, त्यात शंका नाही. पण तिच्या नवऱ्याविषयी एक ओळ आहे, 'पतीने साथ सोडली.' ही ओळ कुणी लिहिली असेल? त्याला कुणी विचारलं असेल का? आज तिच्यासाठी प्रार्थना करताना नवऱ्यापाशी येऊन अडले. एक अक्षर पुढे गेले नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ललिता आली. मधुकररावांच्या मोटारसायकलवरून. ते आत आले नाहीत, फाटकाशी गाडी लावून थांबले. थंडी होती तरी दार उघडंच होतं, आणि ते लावून घ्यावं असं मला म्हणवेना.

बसायच्या आधीच ललिता म्हणाली, "सिस्टर, आज सगळ्यायले भेटाले आली. आता प्रार्थना घरीच करीन, बुढीजवळ बसून. त्याले म्हनलं तं तो हो म्हनला." मी मान हलवली. पार्वताबाईंनी तिचे दोन्ही गाल कुरवाळले.

प्रार्थना नेहमी मीच सुरू करते. गुडघे टेकले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं, तर बाहेर तो माणूस उभा आहे याची मला एवढी जाणीव झाली की आवाजच फुटेना. काय बोलू, कुणाचं नाव घेऊ? पार्वताबाई खोकल्या.

मग ललिता बोलू लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने. मी डोळे उघडले, ती हात मांडीवर ठेवून, गावात बोलावं तशी बोलत होती.

"देवा, आमच्या रिता सिस्टरले पाह्य. तिनं माया बुढीचा पाय धुतला, कोनी धुत नव्हतं तवा. तिले रातच्याले एकटं लागते. तिचा पोरगा येत नाई, ती कोनाले सांगत नाई. तिच्या घरात कोनाचं दुख नसलं तं घर खाली खाली लागते, म्हनून ती आमचं दुख उचलून घरात आनते. तिच्यावर राग नको करू. मी बी आता नाई करत. तिच्या पोराले तिच्याजवळ आन. आमेन."

सगळ्या 'आमेन' म्हणाल्या. माझे कान तापले होते. उठून तिचं तोंड दाबावं असं वाटलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, इथेसुद्धा लिहिलं नाही, आणि ती सात बायकांसमोर, उघड्या दारासमोर, माझं नाव घेऊन बोलली. प्रत्येक शब्द प्रेमाने बोलली. तरी मला तोंड लपवायला जागा सापडेना. तर हे असं असतं, नाव घेऊन कुणी आपल्यासाठी प्रार्थना केली की.

ललिताला सोडायला फाटकापर्यंत गेले. मधुकररावांनी सगळं ऐकलं असणार, दार ते फाटक अंतर ते किती! ते पाठमोरे होऊन रुमालाने गाडीचा आरसा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. ललिता मागे बसली. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांनी गाडी सुरू केली आणि मान न वळवता म्हणाले, "मले काई ऐकू नाई आलं, सिस्टर. थंडी आहे, दार लावून घ्या."